मुलाचा फोटो हीलिंगच्या यंत्रावर ठेवू द्यावा का?

पुण्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा १४ वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी त्याला पहिली फिट आली. तेव्हापासून न्यूरोलॉजिस्टचे उपचार चालू आहेत आणि गेल्या आठ महिन्यांत फिट आलेली नाही. कोल्हापूरला राहणाऱ्या त्यांच्या मोठ्या जाऊबाईंनी एका कार्यशाळेनंतर ६५,००० रुपयांचं ‘एनर्जी हीलिंग’चं यंत्र घेतलं आहे. आजारी माणसाचा फोटो यंत्राच्या धातूच्या प्लेटवर ठेवायचा, डायलवर त्या आजाराचा आकडा लावायचा, की माणूस जगात कुठेही असला तरी त्याला ‘फ्रिक्वेन्सी’ पोचते, असं त्या सांगतात. सासूबाईंचे गुडघे त्यामुळे बरेच बरे झाले, असं खुद्द सासूबाईच म्हणतात. आता जाऊबाईंनी मुलाचा एकट्याचा फोटो, जन्मतारीख आणि आजाराचं नाव मागितलं आहे. ‘दोन महिने मशीन लावते, मग हळूहळू गोळ्या कमी करू,’ असंही त्या म्हणाल्या. गोळ्यांमुळे मुलगा सुस्त असतो, नववीच्या अभ्यासात मागे पडतो आहे. नवऱ्याचं म्हणणं, ‘फोटोच तर द्यायचाय, वहिनींना कशाला दुखवायचं?’ बाईंच्या आईचं म्हणणं, ‘फोटो अजिबात देऊ नकोस, फोटोवर काहीबाही करतात.’ पत्राच्या शेवटी त्या विचारतात, ‘मी फोटो दिला नाही आणि उद्या फिट आली, तर दोष माझाच नाही का?’

ताई,

आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं मग सावकाश. मुलाची एकही गोळी, अर्धीसुद्धा, त्याच्या न्यूरोलॉजिस्टने सांगितल्याशिवाय कमी करू नका आणि कुणाला करू देऊ नका. फिट्सचं औषध एकदम थांबलं किंवा घाईने कमी झालं तर फिट परत येण्याचा मोठा धोका असतो, आणि अशी आलेली फिट कधी कधी आपणहून थांबत नाही. पाच मिनिटांहून जास्त चाललेली फिट जिवावर बेतू शकते. आठ महिने फिट आली नाही म्हणजे आजार गेला, असं समजू नका. गोळ्या काम करताहेत म्हणून आली नाही, हीच शक्यता जास्त आहे. साधारणपणे किमान दोन वर्षं एकही फिट आली नाही, तर डॉक्टर औषध कमी करण्याचा विचार सुरू करतात. तोही फिटचा प्रकार, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या संदेशांची नोंद), वय असं सगळं पाहून, आणि मग काही महिन्यांत थोडं थोडं करत. किशोरवयात सुरू होणाऱ्या काही प्रकारांत तर औषध बरीच वर्षं चालू ठेवावं लागतं.

तुम्ही विचारलंत फोटोबद्दल. मला मात्र तुमच्या पत्रातलं ‘मग हळूहळू गोळ्या कमी करू’ हे वाक्य जास्त काळजीचं वाटलं. जाऊबाई नुसता फोटो मागत नाहीत. त्या मुलाचे उपचार आपल्या हाती घ्यायला निघाल्या आहेत, आणि फोटो देणं म्हणजे त्याला तुमचा होकार मिळणं. यजमानांना ‘फोटोच तर द्यायचाय’ असं वाटतं, कारण त्यांना वाक्याचा पहिलाच अर्धा भाग ऐकू आला असावा. दुसरा अर्धा त्यांच्यापुढे ठेवा.

आता तुमच्या आईचं म्हणणं. वरवर पाहता आई आणि जाऊबाई एकमेकींच्या विरुद्ध बोलताहेत. पण दोघींच्या बोलण्याच्या बुडाशी समजूत एकच आहे: माणसाच्या फोटोला काही केलं की ते त्या माणसाला होतं. एक म्हणते त्यातून बरं करता येतं, दुसरीला भीती वाटते की करणी करता येते. केस, नखं, अंगावरचं कापड दुसऱ्याच्या हाती पडू द्यायचं नाही, ही भीती आपल्या घराघरांत फार जुनी आहे. फोटो त्यात नंतर आला. तुम्ही जाऊबाईंना नकार द्यावा असं मलाही वाटतं, पण तो या भीतीपोटी देऊ नका. एकदा ती भीती खरी मानली की जाऊबाईंचं यंत्रही खरं मानावं लागतं, आणि मग पुढची प्रत्येक फिट कुणाच्या तरी कृपेची किंवा कोपाची होऊन बसते. शिवाय लग्नातले, मुंजीतले, गणपतीतले त्याचे फोटो जाऊबाईंच्या मोबाइलमध्ये आत्ताही असणारच. त्यातला एखादा त्यांनी प्लेटवर ठेवला, तरी तुमच्या मुलाच्या मेंदूत काही बरंही होणार नाही आणि वाईटही होणार नाही. याची धास्ती घेऊन रात्री जागू नका.

इतक्या ठामपणे मी हे का म्हणते, ते सांगायला हवं, कारण उद्या जाऊबाई विचारतील, ‘मोबाइलवर आवाज जातो, मग फ्रिक्वेन्सी का नाही जाणार?’ प्रश्न चांगला आहे. मोबाइलमध्ये लहरी सोडणारा भाग असतो, त्या लहरी मोजता येतात, जवळचा टॉवर त्या पकडतो, आणि तुमच्या सिमची नोंद असते म्हणून नेमका तुमचाच फोन वाजतो. यातली एकही कडी तुटली की ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकू येतं. फोटो म्हणजे कागदावरची शाई, किंवा मोबाइलमधली आकड्यांची एक फाइल. तो मुलगा शाळेत बसलाय की मैदानावर, हे त्या शाईला कळायचा काही मार्ग नाही, आणि यंत्रातून काही निघालं तरी ते त्याच्याकडे वळवणारं मध्ये काही नाही. हल्ली ‘क्वांटम’चं, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या शास्त्राचं, नाव घेतलं जातं. दूरच्या दोन कणांमध्ये विशिष्ट प्रकारचा संबंध असू शकतो, हे खरं. पण त्या संबंधातून इकडून तिकडे निरोप पाठवता येत नाही, असं तेच शास्त्र सांगतं. आणि माणूस व त्याचा फोटो यांच्यात तसा संबंध कुणी जोडलेलाही नसतो.

ही यंत्रं नवीन नाहीत. त्यांचा इतिहास तुम्ही वाचावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्यात तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आहेत. सुरुवात झाली साधारण शंभर वर्षांपूर्वी, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला. डॉ. अल्बर्ट अब्राम्स नावाचे तिथले डॉक्टर कागदावर सुकवलेल्या रक्ताच्या थेंबावरून, रुग्णाला न पाहता, निदान करत. पुढे रक्ताचीही गरज उरली नाही, हस्ताक्षर चालू लागलं. त्यांची यंत्रं देशभरातल्या डॉक्टरांनी भाड्याने घेतली. ती मोहोरबंद असत आणि उघडून पाहणार नाही असं लिहून द्यावं लागे. मग एका निरोगी नर गिनिपिगचं रक्त ‘मिस बेल’ या नावाने अब्राम्स पद्धतीने तपासणाऱ्या एका डॉक्टरकडे पाठवण्यात आलं. निदान आलं: कॅन्सर, सायनसचा संसर्ग आणि डाव्या बीजवाहिनीचा, म्हणजे फक्त मादीच्या शरीरात असणाऱ्या नळीचा, संसर्ग. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाने १९२३-२४ मध्ये समिती नेमून या पद्धतीची तपासणी केली, तेव्हाही तिचे दावे टिकले नाहीत.

अब्राम्स १९२४ मध्ये वारले, यंत्रं मात्र राहिली. लॉस एंजेलिसच्या रुथ ड्राउन लांबूनच उपचार करत, आणि रक्ताच्या थेंबावरून शरीराच्या आतल्या भागांचे फोटो निघतात असंही सांगत. १९५० च्या सुमारास शिकागो विद्यापीठात त्यांची चाचणी झाली. उजव्या फुप्फुसाचा क्षय असलेल्या रुग्णाचं निदान त्यांनी डाव्या स्तनाचा पसरलेला कॅन्सर असं केलं. त्याच काळात स्तनात खरोखरच गाठ असलेली एक स्त्री त्यांच्या यंत्रावर विसंबून राहिली आणि योग्य उपचारांची वेळ निघून गेली. १९५१ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने ड्राउन यांना दोषी ठरवलं. यंत्राने त्या स्त्रीला इजा केली नव्हती. यंत्रावर भरवसा ठेवण्यात जे महिने गेले, ते तिला परत मिळाले नाहीत.

इंग्लंडात ऑक्सफर्डला जॉर्ज द ला वॉर यांनी अशी यंत्रं बनवली. १९६० मध्ये एका ग्राहक महिलेने त्यांच्यावर फसवणुकीचा दावा लावला. न्यायाधीशांनी तो फेटाळला, कारण द ला वॉर यांचा स्वतःचा त्या यंत्रावर प्रामाणिक विश्वास आहे असं त्यांना दिसलं. यंत्र काम करतं, असं काही त्यातून सिद्ध झालं नाही. जाऊबाईंचा विचार करताना मला हा खटला आठवला. त्या तुम्हाला फसवत नाहीत, याबद्दल मला शंका नाही. त्यांनी स्वतःचे ६५,००० रुपये घातलेत, घरच्यांसाठी रोज वेळ काढतात. त्यांची तळमळ खरी आहे. पण तळमळ खरी असली म्हणून प्लेटवरचा फोटो फिट थांबवत नाही.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे, आणि ते बडोद्याचं म्हणून आपल्याला जवळचं. गायकवाडांच्या बडोद्यातल्या प्राच्यविद्या मंदिराचे संचालक डॉ. बिनयतोष भट्टाचार्य हे बौद्ध मूर्तिशास्त्राचे मोठे अभ्यासक. आजही त्या विषयात त्यांचं नाव आदराने घेतलं जातं. पुढच्या काळात त्यांनी रत्नं विजेच्या मोटरवर फिरवून, समोर रुग्णाचा फोटो ठेवून, दूरच्या माणसावर उपचार करण्याची पद्धत मांडली आणि चालवली. इतका विद्वान माणूस मनापासून यात रमू शकतो. म्हणून जाऊबाईंना कुणी ‘अडाणी’ म्हटलं, तर ते मुळीच मान्य करू नका. आपल्या प्रियजनाला लांबून मदत करता यावी, ही इच्छा फार मोठी असते. शिकल्या-सवरल्याने ती कमी होत नाही.

यंत्राबद्दल एक शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यांत बोलकी वाटते. टी. गॅलन हायरॉनिमस यांनी १९४९ मध्ये अशाच एका यंत्राचं अमेरिकन पेटंट घेतलं. विज्ञानकथांच्या मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल या यंत्राचे उत्साही समर्थक होते. त्यांनी आतल्या विजेच्या भागांच्या जागी शाईने काढलेली सर्किटची आकृती असलेलं यंत्र बनवलं, आणि तेही पहिल्याइतकंच चांगलं चालतं असं जाहीर केलं. सर्किट काढून त्याचं चित्र ठेवलं तरी फरक पडत नसेल, तर ताई, जे काही घडतंय ते यंत्रात घडत नाही, चालवणाऱ्याच्या मनात घडतं. पेटंट आहे, हा पुरावाही पुरेसा नाही. पेटंट मिळालं म्हणजे रोग बरा होतो हे तपासलं गेलं, असं नसतं.

पण मग सासूबाईंचे गुडघे? त्या खोटं बोलत नाहीत. गुडघेदुखी चढते-उतरते. थंडीत वाढते, वजन थोडं उतरलं, चालणं वाढलं की कमी होते. दुखणं अगदी असह्य झालं की माणूस नवा उपाय शोधतो, म्हणजे उपाय सुरू होतो तोच दुखण्याच्या सगळ्यांत वाईट दिवसांत. त्यानंतर दुखणं तसंही थोडं उतरणार असतं, आणि श्रेय त्या वेळी हाताशी असलेल्या उपायाला जातं. त्यात भर म्हणजे मोठी सून रोज विचारते, ‘आज कसं वाटतंय, काल किती चाललात?’ दुखणं किती जाणवतं यावर अशा विचारपूस करण्याचा खरोखर परिणाम होतो. फिट मात्र मेंदूतल्या पेशींचे विजेचे संदेश एकाएकी भरकटल्यामुळे येते. आस्थेने विचारल्याने दुखणं सुसह्य होतं, फिट रोखायला औषध लागतं. सासूबाईंच्या गुडघ्यांवरून नातवाच्या फिट्सचा अंदाज बांधता येत नाही.

लांबून केलेल्या शुभचिंतनाची तपासणीसुद्धा झाली आहे. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींसाठी दुरून प्रार्थना करण्यात आली, काहींसाठी नाही, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे या दोन्ही गटांना ठाऊक नव्हतं. गुंतागुंतीचं प्रमाण ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाही. तिसऱ्या गटाला मात्र ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार’ असं सांगितलेलं होतं, आणि त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघालं. या शेवटच्या आकड्यावरून मी मोठा निष्कर्ष काढणार नाही. पण ‘करून बघायला काय जातं’ असं म्हणताना, ज्याच्यासाठी करतोय त्याच्या मनावर काय ओझं पडतं याचाही विचार व्हावा. चौदा वर्षांच्या मुलाला कळलं की आपला फोटो रोज यंत्रावर असतो आणि सगळे आपल्या पुढच्या फिटची वाट बघताहेत, तर त्याला कसं वाटेल?

यावरून विचारते, या सगळ्यात तुम्ही त्याला विचारलंत का? पत्रात त्याचं मत कुठेच नाही. तो नववीत आहे. आजार त्याचा, फोटो त्याचा. जाऊबाईंना जन्मतारीख आणि आजाराचं नावही हवंय. अशा कार्यशाळांनंतर हीलिंग करणाऱ्यांचे ग्रुप तयार होतात आणि ‘सगळ्यांनी मिळून एनर्जी पाठवूया’ म्हणत रुग्णांचे फोटो, नाव, आजार तिथे टाकले जातात. एकदा टाकलेलं परत घेता येत नाही. आपल्या समाजात फिट्सबद्दल अजून किती कुजबूज होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यातच अपस्मार, म्हणजे हाच फिट्सचा आजार, हे लग्न रद्द ठरवण्याचं एक कारण होतं. कायदा बदलला, पण लोकांची मनं अजून तितकी बदललेली नाहीत. स्वतःच्या आजाराबद्दल कुणाला सांगायचं आणि कधी, हे तुमच्या मुलाने मोठं झाल्यावर ठरवावं. फोटो देऊ नका म्हणते, त्यामागे हे सगळ्यांत ठोस कारण आहे.

आता त्याच्या सुस्तीकडे वळू, कारण माझ्या मते पत्रातला खरा प्रश्न तो आहे. औषधामुळे मूल झोपाळलेलं दिसतं, मार्क घसरतात, आणि आईचा जीव तुटतो. मग ‘गोळ्या कमी करू’ हे वाक्य गोड लागतं. जाऊबाईंच्या मशीनमुळे नाही, या वाक्यामुळे तुम्ही डळमळलात, असं मला वाटतं. यात तुमचं काहीच चुकलेलं नाही. पण या त्रासावर उपाय आहे, आणि तो डॉक्टरांकडे आहे. फिट्सवरची औषधं अनेक आहेत. कुणाला एकाने सुस्ती येते, कुणाची दुसऱ्याने चिडचिड वाढते, कुणाचं तिसऱ्याने वजन वाढतं. डोसची वेळ बदलता येते, सावकाश विरघळणारी गोळी देता येते, गरज पडली तर औषधच बदलता येतं. पुढच्या तपासणीपर्यंत एका वहीत रोज लिहा: गोळ्या किती वाजता घेतल्या, झोप किती झाली, शाळेत केव्हा पेंग आली, एखादा झटका किंवा क्षणभर हरवल्यासारखं होणं दिसलं का. सकाळी उठल्यावर हातातून कप किंवा ब्रश उडाल्यासारखा होत असेल, तर तेही नक्की लिहा. ही वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि स्पष्ट विचारा, ‘सुस्तीचं काय करता येईल?’ डॉक्टर घाईत असतील तर प्रश्न आधी कागदावर लिहून न्या. समाधान झालं नाही, तर सगळे रिपोर्ट घेऊन दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टचं मत घ्यायला काहीच हरकत नाही. रात्री मोबाइलवर जागरण होतं का, हेही पाहा. अपुरी झोप आणि चुकलेला डोस, या दोन कारणांनी पुष्कळ मुलांना फिट येते.

जाऊबाईंशी बोलायचं कसं? निरोप पाठवू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नका, फोन करा. सगळ्यांसमोर तर नकोच. यंत्र खरं की खोटं हा वाद पहिल्याच फोनवर काढू नका. ‘वहिनी, तुम्हाला त्याची किती काळजी आहे ते मला माहीत आहे. त्याच्या उपचारांत आम्ही दुसरं काही जोडणार नाही, आणि गोळ्यांचं फक्त डॉक्टर ठरवतील. त्याचा फोटो, जन्मतारीख, आजार कुठेच द्यायचा नाही असं आम्ही ठरवलंय.’ इतकं पुरे. ‘आम्ही’ म्हणता यावं यासाठी आधी यजमानांशी बोलून घ्या, आणि जमलं तर फोनवर तेही असू द्या. दीर-जाऊ त्यांच्या बाजूचे, तेव्हा नकाराचा भार तुमच्या एकटीवर पडू नये.

त्या फुरंगटतील कदाचित. म्हणून त्यांना खरोखर उपयोगाचं एक काम द्या. मुलगा सुट्टीत कोल्हापूरला राहायला जात असेल, तर त्याच्या गोळ्यांची वेळ सांभाळायची जबाबदारी त्यांच्यावर सोपवा, आणि फिट आली तर काय करायचं ते त्यांना समोर बसवून शिकवा. वेळ बघायची, त्याला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या. कांदा हुंगवायचा नाही, चप्पल नाकाशी धरायची नाही, हातात किल्ल्या द्यायच्या नाहीत, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर १०८ ला फोन. नाकात मारायचा औषधाचा फवारा घरी ठेवायला हवा का, हे डॉक्टरांना विचारा, आणि सांगितला तर तो कसा वापरायचा हे घरातल्या प्रत्येकाला दाखवा. मात्र गोळ्यांबाबत जाऊबाई तुमचं ऐकतील याची खात्री पटेपर्यंत मुलाला तिकडे एकट्याला पाठवू नका. इथे मात्र भीड धरू नका.

सासूबाईंचं यंत्र चालू राहू दे. त्यांची रक्तदाबाची, साखरेची वगैरे औषधं ठरल्याप्रमाणे चालू असतील आणि कुणी पैसे मागत नसेल, तर त्यावरून घर पेटवण्याची गरज नाही. गुडघा सुजला, लाल झाला, ताप आला तर मात्र डॉक्टर. जाऊबाईंना स्वतःलाच कधी पडताळून पाहावंसं वाटलं, तर एक साधी रीत आहे. तिसऱ्याच कुणीतरी एकसारख्या जाड पाकिटांपैकी काहींत सासूबाईंचा फोटो आणि बाकीच्यांत कोरा कागद घालून बंद करायचं. जाऊबाईंनी न उघडता रोज एक पाकीट प्लेटवर ठेवायचं, आणि सासूबाईंनी, कोणतं पाकीट आहे हे न कळता, दुखणं दहापैकी किती हे लिहायचं. महिनाभराने पाकिटं उघडून पाहायचं. हे त्यांच्या इच्छेने झालं तरच करा. त्यांना खोटं पाडायला म्हणून करू नका.

तुमच्यासारखी पत्रं दुसऱ्याही घरांतून येतात. कुठे गाठीची तपासणी ‘यंत्र लावून बघू’ म्हणत लांबवली जाते, कुठे इन्सुलिन थांबवायला सांगितलं जातं, कुठे दर महिन्याला फोटोमागे पैसे आणि ‘डॉक्टरांना सांगू नका’ अशी अट. असं काहीही कानावर आलं तर तिथेच थांबा. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने ज्या रोगांवर उपचाराच्या जाहिराती करायला बंदी आहे, त्या यादीत कॅन्सर, मधुमेह आणि अपस्मार तिन्ही आहेत. विकणारा ‘वैद्यकीय उपकरण’ म्हणत असेल, तर नोंदणी क्रमांक लेखी मागा. पैसे अडकले असतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. जाऊबाईंनाही हे सांगून ठेवा, प्रेमाने. घरच्यांपुरतं एक वेळ ठीक, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना फिट्स बऱ्या करून देते असं सांगून पैसे घ्यायला लागल्या, तर त्या स्वतःच अडचणीत येतील.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. उद्या फिट येऊ शकते, ताई. औषध नीट घेणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे बाकीच्यांना अधूनमधून फिट येते, आणि चांगला आटोक्यात असलेल्या मुलालाही ताप, जागरण, चुकलेली गोळी यांमुळे एखादी येऊ शकते. त्या दिवशी कुणीतरी म्हणेलच, ‘फोटो दिला असता तर...’ तुम्ही फोटो दिला असतात आणि तरीही फिट आली असती, तर हेच लोक म्हणाले असते, ‘श्रद्धा कमी पडली’ किंवा ‘गोळ्यांमुळे फ्रिक्वेन्सी अडली’. यंत्राची चूक कधीच निघत नाही, आईची मात्र प्रत्येक वेळी निघते. हा दोष तुमचा नाही आणि तो तुम्ही अंगावर घेऊ नका. फिट आली तर तारीख, वेळ आणि किती मिनिटं चालली ते वहीत लिहा आणि डॉक्टरांना कळवा. पुढच्या तपासणीला यजमानांना सोबत घेऊन जा, आणि गोळ्या कधी व कशा कमी होऊ शकतील हा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. उत्तर त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, की कोल्हापूरला फोन करताना तुम्ही एकट्या नसाल.